गर्भावस्थेतील मेंदूदाह : वेळेवर शंका आणि दीर्घकाळ धीर



रुग्णालयाचा वार्षिक अहवाल म्हणजे प्रामुख्याने आकड्यांचे पुस्तक. बाह्यरुग्ण किती आले, शस्त्रक्रिया किती झाल्या, प्रसूती किती सुखरूप पार पडल्या, याची नोंद त्यात असते आणि ती असावयासच हवी. तथापि काही आजार इतके विरळा असतात की, अहवालातील कोष्टकांत त्यांना स्वतंत्र रकानाही मिळत नाही; परंतु ज्या घरात ते शिरतात, त्या घराचे सारे गणित विस्कटून टाकतात. अशाच एका आजाराची ओळख करून देण्याचा या लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर व प्रशासक असून वैद्यक हा त्याचा अभ्यासविषय नव्हे. त्यामुळे उपचारांबाबत अंतिम शब्द डॉक्टरांचाच, हे प्रारंभीच नमूद करतो. मात्र या आजारात डॉक्टरांच्या बरोबरीने घरच्या माणसांवर, रुग्णालयाच्या व्यवस्थापनावर आणि देणगीदारांवरही काही जबाबदारी येते. ती कोणती, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आजार कोणता?

या आजाराचे वैद्यकीय नाव ‘अँटी-एन.एम.डी.ए. रिसेप्टर एन्सेफलायटिस’ असे लांबलचक आहे. एन्सेफलायटिस म्हणजे मेंदूला येणारी सूज, अर्थात मेंदूदाह. मेंदूदाह म्हटला की आपल्याला विषाणू आठवतात, डासांपासून होणारा जपानी मेंदूज्वर आठवतो. येथे मात्र बाहेरून आलेला शत्रू नसतो. शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच चुकून मेंदूवर चालून जाते.

वैद्यकशास्त्राला हा आजार कळून अद्याप फार काळ लोटलेला नाही. २००५ साली अंडाशयात गाठ असलेल्या आणि मानसिक लक्षणांनी ग्रासलेल्या चार स्त्रियांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यानंतर २००७ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करणारे डॉ. जोसेप डालमाऊ व त्यांचे सहकारी यांनी अशा बारा रुग्ण स्त्रियांचा अभ्यास मांडला. त्यांच्या मेंदूतील एका विशिष्ट घटकाविरुद्ध शरीरानेच प्रतिपिंडे तयार केल्याचे त्यांनी दाखवून दिले आणि आजाराला नाव मिळाले. याचा अर्थ असा की, त्यापूर्वीच्या काळात हा आजार झालेल्या तरुणींच्या कागदपत्रांवर ‘अज्ञात विषाणूचा मेंदूज्वर’ किंवा ‘तीव्र मनोविकार’ असेच काही लिहिले गेले असणार.

हा आजार कोणत्याही वयात होऊ शकतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात सर्वांत लहान रुग्ण ८ महिन्यांचा, तर सर्वांत मोठा ८५ वर्षांचा होता. परंतु रुग्णांपैकी सुमारे ८१ टक्के स्त्रिया होत्या आणि मध्यम वय होते अवघे २१ वर्षे. आपल्याकडे हेच वय पुष्कळ मुलींच्या लग्नाचे आणि पहिल्या बाळंतपणाचे असते. म्हणूनच गर्भावस्थेतही हा आजार गाठू शकतो, याची जाणीव ठेवणे अगत्याचे आहे.

शरीरात नेमके काय बिघडते?

मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देतात, ते घेण्यासाठी पेशींच्या पृष्ठभागावर ग्राहक असतात. एन.एम.डी.ए. रिसेप्टर हा त्यांपैकी एक. स्मरण, विचार, वर्तन, बोलणे यांत त्याचा मोठा वाटा असतो. प्रतिपिंडे या ग्राहकांना चिकटली की पेशी त्यांना आत ओढून घेते आणि पृष्ठभागावरील त्यांची संख्या घटते. निरोप निघतात, पण घेणारे कोणी उरत नाही.

घरगुती उदाहरण द्यावयाचे तर, भिंतीतील तारा शाबूत आहेत, पण खोल्याखोल्यांतील बटणे कोणी काढून नेली आहेत. घर अंधारात बुडते. तथापि ते जळालेले नसते. बटणे पुन्हा बसली की दिवे लागू शकतात. प्रतिपिंडे हटवली की हे ग्राहकही पेशीच्या पृष्ठभागावर परत येतात. रुग्ण कित्येक आठवडे बेशुद्ध राहूनही पुढे सावरू शकतो, याचे कारण हेच. वाचकांनी या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल, तर ती ही.

शरीर स्वतःवरच का उलटते, याचे उत्तर प्रत्येक रुग्णात मिळत नाही. काही स्त्रियांच्या अंडाशयात ‘टेराटोमा’ नावाची गाठ असते. या गाठीत केस, दात, त्वचा असे निरनिराळे ऊतक आढळतात. कधी मेंदूसारखे ऊतकही असते. प्रतिकारशक्ती त्या गाठीविरुद्ध सज्ज होते आणि तेच हत्यार खऱ्या मेंदूवर चालते. वर उल्लेखिलेल्या ५७७ रुग्णांपैकी २२० जणांमध्ये, म्हणजे सुमारे ३८ टक्के रुग्णांत, कोणती ना कोणती गाठ सापडली. काही रुग्णांत हर्पिस विषाणूचा मेंदूज्वर होऊन गेल्यानंतर हा आजार उद्भवतो.

लक्षणांचा क्रम

आरंभ बहुधा साधा असतो. थोडा ताप, डोकेदुखी, सर्दीसारखी लक्षणे. मग काही दिवसांतच झोप उडते. भीती वाटू लागते, संशय येऊ लागतो, नसलेले आवाज ऐकू येतात. रुग्ण एकदम फार बोलते किंवा तेच तेच बोलते. पुढे बोलणे घटत जाऊन थांबते. त्यानंतर फिट्स येतात. ओठ, जीभ, जबडा आणि हात यांच्या चमत्कारिक, न थांबणाऱ्या हालचाली सुरू होतात. रक्तदाब व हृदयाचे ठोके एकदम चढतात, उतरतात. शुद्ध हरपते आणि श्वासही अपुरा पडून व्हेंटिलेटरची गरज भासते. कालपरवापर्यंत घरात वावरणारी मुलगी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, अतिदक्षता विभागात पोहोचते.

गर्भवतीच्या बाबतीत पहिली पायरी ओळखणे विशेष कठीण जाते. झोप न लागणे, चिडचिड, रडू येणे यांस ‘डोहाळे’ म्हणून सोडून दिले जाते. पहिलटकरीण असेल तर ‘बाळंतपणाची धास्ती घेतली आहे’ असे समजुतीने म्हटले जाते. त्यातच आपल्याकडे पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी येते. ताप आला तो सासरी, झोप उडाली ती माहेरी, अशी हकीकत दोन घरांत विभागली जाते आणि डॉक्टरांसमोर ती एकत्र येत नाही.

काही घरांत वर्तनातील बदलाला ‘बाहेरची बाधा’ मानून अंगारे-धुपारे केले जातात. श्रद्धेविषयी येथे काही म्हणावयाचे नाही; परंतु भूत उतरवण्याच्या नावाखाली रुग्णास मारहाण करणे, कोंडणे, धुरी देणे असे अघोरी प्रकार महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले आहेत. त्याहून मोठा प्रश्न वेळेचा आहे. या आजारात गेलेला प्रत्येक आठवडा महाग पडतो.

मनोविकारतज्ज्ञांकडे नेणे चूक नाही. पुष्कळ रुग्ण प्रथम तेथेच पोहोचतात. मात्र ताप, फिट्स, बोलणे बंद होणे, तोंडाच्या विचित्र हालचाली, किंवा ठोके व श्वास यांतील चढउतार यांपैकी काहीही सोबत असल्यास मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला त्वरित घेतला पाहिजे. मनोविकारावरील काही औषधांनी या रुग्णांचे अंग ताठरू शकते, म्हणूनही निदान लवकर होणे आवश्यक असते.

निदान कसे होते?

गर्भवतीला फिट आली की डॉक्टरांच्या मनात प्रथम गर्भावस्थेतील उच्च रक्तदाबाचा झटका, म्हणजे एक्लॅम्प्सिया, येतो. आणि ते योग्यच आहे, कारण तो कितीतरी अधिक आढळतो. मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे, क्षयाचा मेंदूज्वर, हर्पिसचा मेंदूज्वर याही शक्यता तपासाव्या लागतात. अहवाल येईपर्यंत हर्पिसविरोधी औषध सुरू केले जाते.

या आजाराचे खात्रीलायक निदान पाठीच्या कण्यातील पाणी काढून त्यातील प्रतिपिंडांच्या तपासणीने होते. ‘पाठीतून पाणी काढले तर पाय लुळे पडतील’ किंवा ‘बाळाला धोका होईल’ या भीतीने अनेक कुटुंबे संमती देण्यास कचरतात. आवश्यक खबरदारी घेऊन ही तपासणी गर्भवतींमध्येही करता येते, हे येथे स्पष्ट करावेसे वाटते. मेंदूचा एम.आर.आय. पुष्कळ रुग्णांत निर्दोष येतो, त्यामुळे ‘एम.आर.आय. चांगला आहे, म्हणजे मेंदूला काही झालेले नाही’ असा निष्कर्ष काढू नये. मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, म्हणजे ई.ई.जी., बहुतेक रुग्णांत बिघडलेला दिसतो.

आणखी एक गोष्ट. गरोदरपणातील सोनोग्राफीत सर्वांचे लक्ष साहजिकच बाळाकडे असते. या आजाराची शंका आल्यास अंडाशयही आवर्जून पाहावे लागतात. दिवस भरत आल्यावर वाढलेल्या गर्भाशयामुळे ते नीट दिसत नाहीत; अशा वेळी पोटाचा एम.आर.आय. उपयोगी पडतो.

उपचार : दोन जिवांचा विचार

उपचारांचा हेतू प्रतिपिंडे हटवणे आणि नवी तयार होऊ न देणे हा असतो. शिरेतून स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन (आय.व्ही.आय.जी.) आणि प्लाझ्मा बदलणे हे पहिल्या टप्प्याचे उपाय आहेत. देखरेखीखाली हे तिन्ही उपाय गर्भावस्थेतही वापरले गेले आहेत. अंडाशयात गाठ असल्यास ती शस्त्रक्रियेने काढणे, हा उपचाराचाच महत्त्वाचा भाग ठरतो.

एवढ्याने सुधारणा न झाल्यास दुसऱ्या टप्प्यात रिटुक्सिमॅब व सायक्लोफॉस्फामाइड ही औषधे येतात. त्यांपैकी सायक्लोफॉस्फामाइड गर्भाला अपायकारक असते, तर रिटुक्सिमॅबमुळे नवजात बालकाच्या काही संरक्षक पेशी काही काळ कमी राहू शकतात. त्यामुळे बाळाच्या लसीकरणाचे वेळापत्रक बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे लागते. फिट्सवरील व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भात व्यंग निर्माण करू शकते, म्हणून ते टाळून दुसरी औषधे निवडली जातात. मेंदूविकारतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभागातील परिचारिका यांनी एकाच रुग्णाविषयी रोज एकत्र विचार करावा, अशी गरज फार थोड्या आजारांत पडते.

‘आई वाचवायची की बाळ?’ हा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी लगेच विचारतात. तो स्वाभाविक आहे; परंतु या आजारात तो दर वेळी खराच असतो असे नाही. २०१० साली अशा तीन तरुणींची नोंद प्रसिद्ध झाली. दोघींना गर्भावस्थेच्या अनुक्रमे १४व्या व ८व्या आठवड्यात आजार सुरू झाला होता. तिसरीस आजारातून सावरत असताना दिवस गेले. आजार उलटू नये म्हणून तिचा गर्भपात करण्यात आला. तिघींच्याही प्रकृतीत मोठी सुधारणा झाली आणि पहिल्या दोघींची बाळे निरोगी जन्माला आली. त्यानंतरच्या नोंदींतही बहुसंख्य बाळे सुखरूप जन्मल्याचे दिसते; काहींचा जन्म वेळेआधी झाला, काही गर्भ दगावले. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जाऊ शकतात, म्हणून जन्मानंतर बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवणे इष्ट असते. प्रत्येक प्रकरणाचा निर्णय स्वतंत्रच घ्यावा लागतो. पण आशा सोडून देण्यास आधार नाही, एवढे या नोंदी निश्चित सांगतात.

सहाव्या आठवड्याची परीक्षा

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे हिशेबाकडे वळतो.

इम्युनोग्लोब्युलिनची नेहमीची मात्रा दर किलो वजनामागे रोज ०.४ ग्रॅम, अशी पाच दिवस असते. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीस रोज २० ग्रॅम, म्हणजे पाच दिवसांत १०० ग्रॅम औषध लागते. पाच ग्रॅमच्या वीस बाटल्या. एवढ्या एकाच औषधाचा खर्च लाखाच्या घरात जातो. प्लाझ्मा बदलण्याचा खर्च सामान्यतः त्याहून कमी येतो, पण त्यास यंत्र व प्रशिक्षित कर्मचारी लागतात. याशिवाय अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर, नळीने दिले जाणारे अन्न, अंगाला व्रण पडू नयेत म्हणून चोवीस तासांची शुश्रूषा आणि फिजिओथेरपी.

आणि हे किती दिवस? अनेक रुग्णांना तीन-चार महिने रुग्णालयात काढावे लागतात. २०१३ च्या अभ्यासात पहिल्या टप्प्याचे उपचार मिळालेल्या ४७२ रुग्णांपैकी २५१ जणांत, म्हणजे सुमारे ५३ टक्के रुग्णांत, चार आठवड्यांत सुधारणा दिसली. उरलेल्यांत ती दिसली नाही. पैशाची पिशवी रिकामी झालेले, दागिने गहाण पडलेले कुटुंब नेमके याच सुमारास थकते. पाचवा-सहावा आठवडा उजाडतो, रुग्ण डोळे उघडत नाही, आणि ‘आता घरी घेऊन जातो’ अशी भाषा सुरू होते.

त्याच अभ्यासातील पुढचा आकडा म्हणून प्रत्येक कुटुंबास सांगितला पाहिजे. दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा झालेल्या २५२ रुग्णांपैकी २०३ जण, म्हणजे सुमारे ८१ टक्के, स्वतःचे व्यवहार स्वतः करण्याइतपत बरे झाले होते. सुधारणा आजार सुरू झाल्यापासून अठरा महिन्यांपर्यंत होत राहिली. पहिल्या टप्प्यास दाद न देणाऱ्यांपैकी ज्यांना दुसऱ्या टप्प्याचे उपचार मिळाले, त्यांची स्थिती ते न मिळालेल्यांपेक्षा चांगली राहिली. आजार भयंकर आहे, हे लपवण्याचे कारण नाही. पाठपुरावा झालेल्या ५०१ रुग्णांपैकी ३० जण पहिल्या दोन वर्षांत दगावले, आणि सुमारे १२ टक्के रुग्णांत तो दोन वर्षांत उलटण्याची शक्यता असते. तरीही सहाव्या आठवड्यातील निश्चल रुग्ण आणि दोन वर्षांनंतरची तीच व्यक्ती यांत जे अंतर आहे, ते औषध, शुश्रूषा व धीर यांनी कापता येते.

धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. ही व्यवस्था मोठा आधार आहे. परंतु महिनोन्‌महिने चालणाऱ्या एकाच रुग्णाचा खर्च अशा निधीवर मोठा भार टाकतो, हे विश्वस्तांना ज्ञात आहेच.

देणगीदारांना स्वाभाविकच दृश्य फळ आवडते. मोतीबिंदूची एक शस्त्रक्रिया म्हणजे एक डोळा, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते. त्या दानाचे मोल तसूभरही कमी नाही. मात्र ज्या आठवड्यांत काहीच फळ दिसत नाही, त्या आठवड्यांसाठीही कोणी देणारा हवा. अशा दीर्घ उपचारांसाठी स्वतंत्र राखीव तरतूद असावी, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. एका कुटुंबाचा सहावा आठवडा पार पाडणे हे त्या तरतुदीचे काम असेल.

कुटुंबीयांसाठी काही सूचना

१. गर्भवतीच्या वागण्यात, झोपेत वा बोलण्यात एकाएकी बदल झाल्यास त्याची तारीख लिहून ठेवावी. सासर व माहेर या दोन्ही घरांतील माणसांनी मिळून एकच हकीकत डॉक्टरांना सांगावी.

२. शक्य असल्यास विचित्र हालचालींचे मोबाइलवर चित्रण करून ते फक्त डॉक्टरांना दाखवावे. इतरत्र पाठवू नये.

३. गरोदरपणाची सर्व कागदपत्रे, सोनोग्राफीचे अहवाल व चालू औषधे सोबत आणावीत.

४. खर्चाची अडचण पहिल्याच आठवड्यात वैद्यकीय समाजसेवकांना सांगावी. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला लवकर जमवल्यास शासकीय योजना व निर्धन रुग्ण निधी यांसाठी पात्रता तपासता येते. अनामत संपल्यावर सांगितल्यास हाती वेळ उरत नाही.

५. सुधारणा बहुधा उलट्या क्रमाने होते. आधी श्वास व ठोके स्थिर होतात, मग शुद्ध येते, मग बोलणे परततेे. मधल्या काळात आरडाओरडा, भीती पुन्हा दिसू शकते. तो आजार उलटला असेलच असे नाही. डॉक्टरांना विचारून खात्री करावी.

६. आजारपणातील दिवस रुग्णास बहुधा आठवत नाहीत. बेशुद्धीत प्रसूती झालेल्या आईस आपले बाळ कधी जन्मले हेही स्मरणार नाही. तिला दोष न देता, घाई न करता, बाळाची ओळख करून द्यावी. जन्माच्या वेळची छायाचित्रे, पहिल्या दिवसांच्या नोंदी जपून ठेवाव्यात. तिला पुढे त्यांचाच आधार असतो.

७. घरी गेल्यावर स्मरण, एकाग्रता व स्वभाव पूर्ववत होण्यास महिने लागतात. नियमित तपासणी चुकवू नये, आणि पुढील गर्भधारणेचा विचार डॉक्टरांशी बोलूनच करावा.

आभार

देणगीदारांचे आभार मानताना एका वर्गाचा विशेष उल्लेख करणे उचित ठरेल. इम्युनोग्लोब्युलिन हे औषध कारखान्यात रसायनांपासून बनत नाही. ते हजारो माणसांच्या रक्तातील प्लाझ्मा एकत्र करून वेगळे काढावे लागते. गणेशोत्सवात वा जयंती-पुण्यतिथीच्या शिबिरात रक्त देऊन चहा-बिस्किट घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला आपला प्लाझ्मा पुढे कोठे गेला, हे कधीच कळत नाही. ज्या मातेला त्याचा लाभ होतो, तिलाही दात्यांची नावे ठाऊक नसतात. आमच्या खतावणीत अशा दात्यांची पावती फाडता येत नाही. म्हणून या अहवालातच त्यांच्या ऋणाची नोंद करून ठेवत आहोत.